दसऱ्यापासूनचा भाव

१६ सप्टेंबर १९५७, सोमवार
ही वही पोळ्याच्या बाजारात घेतली. रोज लिहीन, असं स्वतःलाच बजावलं होतं. आज उघडली तर पहिली पानं भजी बांधायला गेलेली, बाकीची कोरी. आळस, दुसरं काय. मधे जिवतीच्या डोंगरात भटकून आलो, तिथं लिहिण्याजोगं पुष्कळ होतं, पण पेन्सिल हरवली होती.

आता चांद्यात. मूल गावाकडच्या रस्त्यावर सेठचा कारखाना. कारखाना म्हणजे टिनाचं छप्पर नि सागाचा भुसा. नागपूरहून मोटारीचा उघडा सांगाडा येतो, इंजिन नि चाकं तेवढी लागलेली. ड्रायव्हर खोक्यावर बसून, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, धूळ खात आणतो. इथं त्यावर लाकडी बॉडी चढली की तिला ट्रक म्हणायचं. मी रंग देतो, मागं कमळ काढतो. मला कमळ येत नाही, पत्ताकोबी होते. गिऱ्हाइकं खूश. यावरून गिऱ्हाइकं समजावीत.

१९ सप्टें.
मजुरी वाढली! रंधे-पटाशी खाली ठेवून बसले होते सगळे, शेवटी सेठ नमला. म्हणजे नमल्यासारखं केलं. इथं पावती-बिवती नाही, सांगाड्यावर नारळ फुटला की त्या गाडीचं काम सुरू झालं, हाच कायदा. सेठ म्हणाला, "दसऱ्यापासून ज्या गाडीचा नारियल फुटेल, तिच्यावर नवी मजुरी. आधीच्यावर जुनीच. बोलो मंजूर?"

सगळ्यांनी नंदीबैलासारख्या माना हलवल्या. हेड मिस्त्री मारोती तर वाकून रामराम करून आला. हा ढिवराच्या, म्हणजे मासेमाऱ्याच्या घरचा. तलावातले डोंगे तासता तासता मिस्त्री झाला, आता स्वतःला इंजिनेर समजतो.

२३ सप्टें.
नवा सांगाडा आला. मालक सोमाजी, मारोतीच्या बहिणीचा नवरा. सिंदेवाहीकडच्या तलावाचा. गावच्या ढिवरांनी वर्गणी करून गाडी घेतली. बैलबंडीनं टेसनावर नेता नेता मासोळी सडते.

"व्यापारी नाक दाबते नं मातीच्या भावानं उचलते," सोमाजी मला सांगत होता. "गाडी झाली का हिवाळ्यात मासोळी सिधी नागपूरले. मंग पाहू त्याचं नाक."

दुपट्ट्यात नारळ बांधून आणला होता. सेठशी बॉडीचा भाव तोंडी ठरला. सोमाजीनं नारळ पुढं केला, तर मारोती म्हणतो, "आज मुहूर्त नाई, जवाईबुवा. राहू द्या इथीच." आणि माझ्या रंगाच्या डब्यांशेजारी फळीवर ठेवून दिला.

मुहूर्त! ह्या माणसाला मी पंचांग उलटं धरून पाहताना पाहिलं आहे.

सोमाजी गेल्यावर मी विचारलं. तर म्हणे, "तू गप राह्य, पेंटर. दसऱ्याले फोडू, म्हंजे नवी मजुरी लागते. जवायाचा भाव तं ठरला हाये, त्याचं काय जाते? सेठचंच जाईन." सगळे हसले. सेठला गंडवल्याचा आनंद. सेठला! वाढीव मजुरी मलाही हवी. लाल सदरा घ्यायचा आहे मला.

१ आक्टो.
दसऱ्याची वाट पाहत एकच फळी आठवडाभर रंधून राह्यले सगळे. पापड झाला तिचा.

हॉटेलात वकिलाचा कारकून पेपर वाचत होता. मुंबईकडं मोटारीच्या कारखान्यात पगार वाढले, म्हणून मोटारी महागणार. "मजूर माजले, आता सामान्य माणसानं मोटार घ्यावी कशी?" हा सामान्य माणूस जन्मात मोटारीत बसला नसेल. चहासुद्धा दुसऱ्याच्या नावावर पितो. तिथून उठलो, तर महाकालीच्या देवळाशी माकडांची मारामारी लागली होती, ती पाहण्यात दुपार गेली. माकडं बरी.

३ आक्टो., दसरा
हत्यारांची पूजा, झेंडूच्या माळा. सेठनं पेढे वाटले तेव्हाच मला वास आला होता.

सोमाजी धुतलेलं धोतर नेसून आला. मारोतीनं फळीवरचा नारळ काढला. सेठ गादीवरूनच म्हणाला, "आज फूट रहा है? म्हणजे नवा भाव हं, सोमाजी."

"कायचा नवा भाव? आपलं ठरलं नाई का?"

"ठरलं ते जुन्या मजुरीवर. मजुरी माझ्या खिशातून देऊ का? ह्यांचं पोट वाढलं, मी काय करू?"

किती ते सोमाजीनं दोनदा विचारून घेतलं. मजुरी वाढली विडी-चहाची, भाव वाढला बैलजोडीचा. मधलं कुठं गेलं ते विचारायची कोणाची छाती नाही. लाकूड तर सेठच्याच ठेक्याच्या जंगलातलं, ते एका रात्रीत महाग झालं काय?

सोमाजी सेठकडं बघेचना, मारोतीकडं बघत होता. "नारळ तं मी कवाचाच आनून देला होता, मारोती. काऊन नाई फोडला?"

मारोती रंध्याचं पातं बघत राहिला.

सोमाजीनं नारळ त्याच्या हातातून घेतला, दुपट्ट्यात बांधला नि निघाला. त्याचा पेढा तसाच भुशात. मी उचलून खाल्ला. वाया काऊन घालवायचा.

९ आक्टो.
आता सेठचं खरं पोट दिसलं. सेठनं सोमाजीला निरोप धाडला: दिवाळीपर्यंत काम सुरू कर, नाही तर सांगाडा मला देऊन टाक, आवारात गंजून राह्यला. म्हणजे पडेल त्या भावात. त्याला स्वतःच्या लाकडाला ट्रक हवाच होता. गावाची वर्गणी, मासोळी, नागपूर, सगळं सेठच्या सागाखाली.

मारोतीनं दुपारी सगळ्यांना गोळा केलं. "ह्या एका गाडीवर जुनीच मजुरी घेऊ. मंग भाव वाढवाले सेठले तोंड राहनार नाई."

तर कोणी विडी पेटवली, कोणी छपराकडं पाहिलं. एक म्हणाला, "तुया जवाई, तू भर नं बापा." एकजुटीचे वाघ म्हणे हे! तीन आठवड्यांपूर्वी एकमेकांच्या गळ्यात गळे. मी काय बोलणार? लाल सदरा अंगात होता. रंग उतरतो आहे त्याचा, बगला गुलाबी झाल्या.

२१ आक्टो.
वडशाला नाटकाचे पडदे रंगवायचं काम आहे म्हणतात. जावं. ह्या भुशाचा कंटाळा आला.

मारोती दर भाऊबिजेला बहिणीकडं जातो. पार्वता नाव तिचं. आधी हप्ताभर तिच्या हातच्या झिंग्यांच्या गोष्टी सांगतो म्हणे. यंदा सांगतो, ताप आहे. कपाळ माठासारखं गार. सेठपुढं स्वतः जाऊन म्हणाला, "भाऊबिजेलेबी कामावर येतो." सेठ खूश. नव्या मजुरीचा गुण, म्हणाला.

भाऊबीज
वडशाची गाडी दुपारची. पेटी बांधून कारखान्यात हिशेब मागायला आलो. सेठ गादीवर, उद्या सोमाजीचा सांगाडा आपल्या नावावर करायच्या गोष्टी. मारोती दुसऱ्या ट्रकखाली, नुसते पाय बाहेर.

एवढ्यात फाटकात बंडी थांबली. मला वाटलं, लाकूड. उतरली ती बाई. ठेंगणी, काळी, पायाला तलावाचा चिखल वाळलेला. मलाच विचारलं, "मारोती मिस्त्री इथीच नं? त्याले सांग, पार्वता आली. भाऊ येत नाई तं बहीन येते."

मी ट्रककडं बोट केलं. पाय दिसत होते ते आत ओढले गेले.

सेठ उठून आला, "बाई, हे कारखाना आहे," वगैरे. तिनं ऐकलंच नाही. सोमाजीच्या उघड्या सांगाड्यापुढं भुसा पायानं बाजूला केला, पाट मांडला, ताट ठेवलं, दिवा लावला. ताटात सुपारी, अक्षता आणि तो नारळ. माझ्या निळ्या रंगाचा डाग अजून त्याच्यावर.

"ये बाबू, बस," ती ट्रकखाली वाकून म्हणाली. "ओवाळनीत मले लुगडं नोको. काय पायजे ते मी सांगीन, नारळ आनलाच हाये. पहिले भाईर तं निंघ."

रंधे थांबले आहेत सगळे. सेठ घड्याळ काढतो, ठेवतो. मी पेटीवर बसून हे लिहून राह्यलो. वडशाची गाडी गेली असणार.

दिव्यात तेल पुष्कळ घालून आणलं आहे तिनं.