ताक माझंच हाय की

आबा,

आज तुमच्या तालमीत बायका शिरल्या. रागावू नका, आधी ऐकून घ्या. सकाळपासून माझे पाय जमिनीवर ठरत नाहीत आणि हे सांगायला तुमच्याशिवाय कुणी सुचत नाही.

तुम्ही वस्ताद, आणि नियम तुमचाच, बाईमाणसानं उंबऱ्याच्या आत यायचं नाही. कुस्तीच्या हौदातली माती मळायची असली की आई तीत घालायला घरून हळद आणि ताकाची कळशी घेऊन यायची, उंबऱ्याबाहेर ठेवायची आणि मागं फिरायची. लहानपणी मी मात्र तिथंच फरशीवर थांबून आतल्या पोरांबरोबर दंड मारायची. तुमचं लक्ष नाही असं मला वाटायचं. एक दिवस पाठमोरेच ओरडलात, “उंबऱ्यावरचा पैलवान, कंबर लोंबायली तुझी, वर घे की!” अख्खी तालीम हसली. मी लाजून घरी पळाले आणि आनंदानं मला जेवण गेलं नाही. माझं ट्रेनर होणं तिथंच सुरू झालं, आबा. पुण्यातली सर्टिफिकिटं नंतरची.

आता स्टेशनजवळ माझी स्वतःची जिम आहे, पहाटेच्या बॅचला लोक नंबर लावून थांबतात. बढाई मारत नाही. बरं, थोडी मारते. पण आपल्या गल्लीतल्या बायका ती पायरी चढत नाहीत. विड्या वळून वळून कंबर धरलेली, गुडघे गेलेले, तरी म्हणतात, एवढ्या आरशांत स्वतःला कोण बघत बसणार? मग मी तालमीच्या पंचांना गाठलं. पोरं कमी झालीत, सकाळचा एक तास बायकांना द्या म्हटलं. त्यांनी लई चालढकल केली. शेवटी म्हणाले, एक दिवस करून दाखव, जमलं तर पुढं बघू.

म्हणजे सगळं आजच्या दिवसावर होतं. आणि बायका आल्या की! कुणी पंजाबी ड्रेसात, कुणी साडीवर पोराचे बूट घालून, खिदळत. उंबऱ्यापाशी आल्या आणि थांबल्या. कुणी अडवलं नव्हतं, पायच उचलेनात. पंच आत कोपऱ्यात उभे. मी ‘चला की, चला की’ करतेय आणि मीही बाहेरच. एक जण तर परत निघाली.

तेवढ्यात मागून आई आली, गुडघ्यावर हात ठेवत. आज हातात कळशी नव्हती. तिनं चपला काढल्या, उंबरा ओलांडला आणि हौदातली चिमूटभर माती कपाळाला लावली. पंचांतल्या एकानं घसा खाकरला. आई त्याच्याकडं बघून शांतपणे म्हणाली, “ह्या मातीत इतकी वर्सं ताक माझंच हाय की. मग मी कशाला भाईर?”

बायका भराभरा बूट काढून आत गेल्या आणि काय घाम गाळला म्हणता! निघताना पंचांनी किल्ली माझ्या हातात दिली. उद्यापासून रोज.

हे पाठवायला तुम्ही गेलात तिथला पत्ता नाही. असता तरी पाठवलं नसतं, कारण तुम्ही पहिलं हेच विचारलं असतं की तू कितवी आत गेलीस. सगळ्यांत शेवटी, आबा. तेही आईनं मनगट धरून ओढलं तेव्हा.