पहिला ठोका तुझ्याकडून

बुधवार, १४ मार्च

ती. दादा,

साष्टांग नमस्कार लिहायची पद्धत आहे, पण माझे गुडघे आता कागदावरसुद्धा वाकत नाहीत. तेव्हा उभ्याउभ्याच नमस्कार घे. वहिनींनाही सांग.

आधी बातमी. आपला पूल येत्या रविवारी शेवटचा उघडणार आणि मग कायमचा मिटणार, हे नक्की झालं. वर्षभर गल्लीत नुसत्या वावड्या होत्या, पण काल पुलाचं काम पाहणाऱ्या इंजिनिअरबाई स्वतः माझ्या खोलीवर येऊन सांगून गेल्या. सकाळच्या भरतीला एक जुनी मालबोट गोदीत घ्यायची आहे. तिच्यावर वाचनालय करणार आहेत. बोट आत आली की पूल मिटवायचा आणि दोन अर्ध्यांमधला सांधा वेल्डिंग करून टाकायचा. पुढे त्यावरून फक्त माणसं चालतील.

फोन केला होता. तुझी लेक म्हणाली, "काका, बाबांना आता फोनवर काहीच ऐकू येत नाही. कानाचं यंत्र दिलं की काढून उशीखाली ठेवतात." मग पत्राशिवाय मार्ग राहिला नाही. तसं आपल्याला बोलायची सवय होतीच कुठे.

मी ठीक आहे. जेवण वेळेवर होतं. छत गळत नाही.

तू इकडे फिरकला नाहीस, म्हणून थोडं सांगतो. आपल्या आजोबांनी इथे दलदल पाहिली होती. गोदी फावड्याने खणली तेव्हा तेही खणणाऱ्यांत होते. आपण पाहिली ती भरलेली. डोळे बांधून सोडलं असतं तरी नुसत्या वासावरून घरी आलो असतो. आधी डांबर, मग ओलं लाकूड, मग कातडी, आणि कातड्यांच्या गोदामाला वळसा घातला की आई हाक मारायची. मग जहाजं मोठी झाली आणि नदी तेवढीच राहिली. माल खाली मुखाशी उतरायला लागला. तू गेलास त्यानंतर धक्क्याच्या दगडांत कंबरेएवढं गवत उगवलं आणि बरीच वर्षं इथे फक्त मांजरं नांदली.

आता गोदामांत लोक राहतात. कातड्यांच्या गोदामाला काचेच्या गॅलऱ्या आल्या आहेत. तिथे राहणाऱ्या एका बाईंनी मला विचारलं, पावसाळ्यात भिंतीला कसलासा वास येतो, तो कशाचा? मी म्हटलं, जुन्या भाडेकरूंचा. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. वजनकाट्याच्या खोलीत उपाहारगृह आहे. मोठी क्रेन उभीच आहे, पण संध्याकाळी तिला निळे दिवे लावतात. मुकादमाने पाहिलं असतं तर म्हणाला असता, म्हातारीला लग्नात नटवलंय.

लोक वाईट नाहीत. भेटले की हसतात. पण इथे पूर्वी माणूस दुसऱ्याला शिवी दिल्याशिवाय वाट देत नसे, आणि त्या शिवीत तू कोण, कुणाचा, कालपासून का दिसला नाहीस, हे सगळं यायचं. आता सगळे "सॉरी" म्हणून बाजूला होतात. दिवस दिवस मला कुणाचा धक्का लागत नाही.

जेवण वेळेवर होतं असं वर लिहिलं, ते खरं आहे. वेळेवर होतं, कारण मध्ये दुसरं काही होत नाही.

आता कामाचं. सोमवारी बाईंनी चाचणी घेतली. दोन काठांवर दोन कारागीर, तरणी पोरं, माझ्या दुप्पट ताकदीची. दोघे मोबाइलवर "चालू" म्हणाले आणि चाकं फिरवायला लागले. पश्चिमेचा अर्धा पुढे निघाला, पूर्वेचा मागे राहिला, आणि मधली जीभ, एका अर्ध्याची दुसऱ्यात बसते ती, खोबणीत तिरकी अडकली. बाईंनी लगेच थांबवलं, नाहीतर तिथेच तुकडा पडला असता. त्या शहाण्या आहेत. जीभ मोकळी करून घेतली आणि मला विचारलं, तुम्ही दोघे कसं करायचात?

मी सांगितलं. पश्चिमेला मोठा भाऊ, पूर्वेला धाकटा. मध्ये पाणी, वारा आणि जहाजांचे भोंगे, म्हणून ओरडून उपयोग नाही. मोठा कठड्यावर लोखंडी खुंटीने एक ठोका द्यायचा, म्हणजे तयार का? धाकटा दोन द्यायचा, म्हणजे तयार. मग मोठ्याच्या ठोक्यावर दोन्ही चाकं फिरायची, जीभ सुटेपर्यंत. पहिला ठोका नेहमी मोठ्याचा, कारण पश्चिमेच्या काठावर उभं राहिलं की येणारं जहाज आधी दिसतं. आईला मात्र वाटायचं, मी तुझा मान राखतो.

हे मी त्यांना सांगितलं नाही, की शेवटची दोन वर्षं आपण तेवढंच बोललो. तू म्हणाला होतास, नदीने पाठ फिरवली की माणसाने काठावर बसू नये. मी म्हणालो होतो, पळणाऱ्याला म्हणी बऱ्या सुचतात. त्यानंतर घरात शब्द नाही, वाटेत शब्द नाही, आणि पुलावर मात्र सकाळ-संध्याकाळ एक आणि दोन. वहिनी म्हणायच्या, दोघा भावांची तोंडं गंजली, पण लोखंडाचं लोखंडाशी बरं चाललंय.

माझी ही गेली तेव्हा तू उंबऱ्यापर्यंत आला होतास. तेवढंही मला पुष्कळ होतं. कधी कळवलं नाही, आज कळवतो.

बाई सगळं ऐकून म्हणाल्या, "मग तुमच्या दादांना बोलवा ना." जसा काही तू शेजारच्या गल्लीत राहतोस. चाकाला जोर पोरं लावतील, आपण फक्त ठोका द्यायचा. माझं ऐकून पोरांनी ठोका दिला तर चालणार नाही का, असं मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. मी म्हणालो, "दादा येतोय."

तर ही खरी बातमी आहे. तू येतोयस असं मी सांगून बसलोय, आणि बाईंनी ते कुठे कुठे कळवलंय. तू आला नाहीस तर बोट बाहेरच राहील आणि पूल आहे तसा जोडून टाकतील. माझी नाचक्की होईल, पण ती एवढ्या उशिरा कोण मोजतो.

आणखी एक सांगायचं होतं. सांगू नये असं ठरवून बसलो होतो.

रोज संध्याकाळी मी पुलावर जातो. फिरायला, असं शेजाऱ्यांना सांगतो. माझ्या जागेवर उभा राहतो आणि तळहात कठड्यावर ठेवतो. तुला आठवत असेल, तुझा ठोका कानाला कमी आणि हाताला जास्त कळायचा. आधी नुसता हात ठेवायचो. मग कधीतरी खुंटी खिशात घालून न्यायला लागलो, आणि दोन ठोके द्यायला लागलो. कुणी विचारलेलं नसताना उत्तर देणारा माणूस, दुसरं काय.

गेल्या आठवड्यात हाताला एक ठोका लागला.

दादा, एकच. स्वच्छ. मी दोन दिले. थोड्या वेळाने पुन्हा एक आला. मी हे गुडघे घेऊन पुलावरून पळालो, तुला हाका मारत, आणि पळताना डोक्यात एकच होतं की खोलीत दूध नाही. पलीकडे तुझ्या चौकीशी एक रंगारी बसला होता. हातोडीने कठड्यावरचा गंज उडवत होता. माझा अवतार पाहून उठला आणि म्हणाला, "आजोबा, मी कुणाचा दादा नाही, रंगाचं काम करतो. पाणी देऊ का?"

पाणी प्यायलो. भला माणूस. मग त्याने विचारलं, तिकडून दोन-दोन कोण वाजवत होतं? त्याला वाटलं होतं, पलीकडे दुसरा कामगार लावलाय आणि तो त्याला चिडवतोय. मी म्हटलं, चिडवत नव्हतो. तो हसला. काम संपेपर्यंत मग तो रोज निघताना एक ठोका द्यायचा. मी दोन. परवा त्याचं काम संपलं.

पूल मला जपायचा नाही. तो लोखंडाचा आहे, माझ्यापेक्षा जास्त टिकेल. आणि तू गेलास ते चुकीचं होतं, हेही मला आता ठरवायचं नाही. तुझी मुलं शिकली, उन्हात वाढली, डांबरात नाही. मला फक्त पलीकडे कुणीतरी हवं आहे. ते मी इंजिनिअरबाईंना कसं सांगणार. म्हणून बोटीसाठी दादा येतोय, एवढंच सांगितलं.

कान गेले म्हणून मागे सरू नकोस. कानाचं काम तिथे कधीच नव्हतं. तुझी चौकी मी झाडून घेतली आहे. खुर्ची जुनीच आहे, तिचा एक पाय छोटा, तुला ठाऊकच आहे. खाली लाकडाची चकती सरकवली आहे. खुंटी खिडकीत ठेवली आहे.

शनिवारी दुपारी बाईंची गाडी तुझ्या दारात येईल. लेकीला सांगितलं आहे, ती बरोबर येते म्हणाली. तू गाडीत बसलास की नाही, हे तिला फोनवर विचारणार नाही. मला ते पुलावरच कळू दे. शनिवारी मुक्काम कुठे करायचा ते तू ठरव. माझ्या खोलीत दोन अंथरुणं घालून ठेवतो, घालायला काही लागत नाही.

रविवारी सकाळी पाणी चढेल. पोरं चाकांशी उभी राहतील. दोन्ही अर्धे सुटले की लोखंड तुटतं आणि ठोका पोचत नाही, तेव्हा पूर्वीसारखा हात वर कर, मला दिसेल. चष्मा बदलून घेतला आहे. मग पूल मिटेल, सांधा जोडतील, आणि त्यानंतर या काठाचं त्या काठाला लागणं कधी तुटणार नाही.

मी सकाळपासून माझ्या बाजूला असेन. या वेळी आधी वाजवणार नाही. पहिला ठोका तुझ्याकडून येऊ दे.

कठड्यावर हात ठेवून,
तुझा पूर्वेकडचा धाकटा