माईकवरचे आभार

केगोंदी, व्हिहिगा
५ मार्च २०१८

चि. कागेहा हिस,
जेंडेकावहिनीचे मनापासून आशीर्वाद.

तुझा दादा गेल्यापासून तुझी पत्रं कमी झाली, आणि फोनवर तू नुसतं हो-हो करतेस, म्हणून लिहायला बसले. इकडे मका पेरून झाला. कोंबड्या तुझ्यावर गेल्या आहेत, हाक मारली की उलट्या दिशेने पळतात.

शनिवारी खाटकाने मांस बांधून दिलं तो वर्तमानपत्राचा कागद ताजा होता. अक्षर दिसलं की मला वाचल्याशिवाय राहवत नाही, ही खोड तुझ्या दादानेच लावली. रक्त पुसून वाचलं. पार्लमेंटची जाहिरात होती. सरकारने नवे राजदूत निवडलेत, त्यांची समितीपुढे तपासणी होणार आहे, कुणाची हरकत असेल तर शपथेवर लिहून द्यावी. तिसरं नाव झबलॉन लुकालो. आपल्या चहाच्या कारखान्याचे तेव्हाचे अध्यक्ष. आपण निवडणुकीत पाडलं, तर सरकार उचलून परदेशात खुर्चीवर बसवतंय.

मी हरकत घेणार आहे. शद्रककडे जाऊन आले. बॉयलर फुटला तेव्हा त्याच्यावर दोघंच होते, त्यातला हा वाचला. त्याने सगळं पुन्हा सांगितलं. दाबाचा काटा अडकलाय, तपासणीवाला येईपर्यंत पेटवणार नाही, असं तुझा दादा एनॉक स्पष्ट म्हणाला होता. मग मॅनेजर कानाला फोन लावूनच आला, आणि म्हणाला की अध्यक्षसाहेब विचारतायत, अंगणात गाड्या उभ्या आहेत, पाला काळा पडला तर तुझा बाप भरून देणार का? मग एनॉकने पेटवला.

मला भरपाई नको. समितीने त्या माणसाला समोर बसवून एवढंच विचारावं, तो फोन तुमचा होता का? आणि विचारताना एनॉक किदिगा हे नाव घ्यावं, म्हणजे ते पार्लमेंटच्या नोंदीत राहील. आपल्याकडे शेंबड्या पोरालासुद्धा पेटी उघडून मेलेल्याचा चेहरा दाखवतात. माझ्या नवऱ्याची पेटी मात्र खिळे ठोकूनच घरी आली. चेहरा दिसला नाही, निदान नाव तरी ऐकू दे.

तुझ्या लेकाला, केफाला, काम लागलं का? त्याला म्हणावं, मामीने बोलावलंय, म्रेन्दाची पालेभाजी खायला ये.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी,
जेंडेकावहिनी


कांगेमी, नैरोबी
११ मार्च २०१८

ति. जेंडेकावहिनींच्या चरणी
कागेहाचा नमस्कार.

तुमचं पत्र बसच्या कचेरीतून आणलं आणि दुकानातच वाचलं. हातातल्या शाळेच्या गणवेशाची बाही उलटी शिवली गेली, ते पोर आता तुमच्या नावाने रडेल.

वहिनी, रागावू नका. दादा माझाही भाऊ होता. पण जरा विचार करा. झबलॉनसाहेब दफनाला स्वतः आले होते. पेटी त्यांनी घेतली, शववाहिका त्यांची, मंडप त्यांचा. चारशे माणसांसमोर तुम्ही माईक हातात घेऊन त्यांचे आभार मानलेत. आता तुम्हीच उठून त्यांच्याविरुद्ध शपथ घेणार? लोक म्हणतील, खाल्लं तेव्हा गोड लागलं. पाद्रीबाबाही हेच म्हणतील, फक्त जास्त वेळ घेऊन.

आणि हे राजदूत काय, निवडणूक हरलेल्यांना असंच कुठे कुठे बसवतात. समिती हसून चार प्रश्न विचारते, दुपारी सगळे मिळून जेवतात. तुमचा कागद कोण वाचणार?

केफाचं अजून काही नाही. दोन वर्षं झाली डिप्लोमा होऊन. सकाळी शर्टला इस्त्री करून निघतो, संध्याकाळी तीच इस्त्री घेऊन परत येतो. आता बोलत नाही माझ्याशी. परवा झबलॉनसाहेबांची माणसं वाट वाकडी करून घरी आली होती. साखर-चहा आणला होता. जुन्या गोष्टी निघाल्या, दादाच्या दफनाचा विषय निघाला, केफाची चौकशी केली.

तरीही तुम्ही कागद पाठवलात तर मी स्वतः नेऊन देईन. एवढं वचन देते. पण पाठवू नका, असं वाटतं.

माया कमी करू नका.
तुमची,
कागेहा


केगोंदी
१७ मार्च २०१८

चि. कागेहास आशीर्वाद.

सोबतचा लिफाफा पार्लमेंटच्या दारात नेऊन दे आणि शिक्का मारून घे. शपथ म्बालेला वकिलासमोर घेतली. वकील हसला, म्हणाला, आई, या वयात राजदूत व्हायचंय का? मी म्हटलं, नाही, ज्याला व्हायचंय त्याला एक गोष्ट विचारायचीय. मग हसला नाही. शद्रकलाही घेऊन गेले होते. त्याची बोटं मिटत नाहीत, म्हणून अंगठा उठवला. टेकडी चढताना चार वेळा बसला.

आभाराचं म्हणतेस, तर ऐक. पेटी ज्याने दिली त्याचे आभार विधवेने मानायचे, हे मी ठरवलेलं नाही. तुझ्या आईने मानले, माझ्या आईने मानले. सूत्रसंचालकाने माईक हातात दिला, कानात नाव सांगितलं, मी म्हटलं. शद्रक तेव्हा इस्पितळात बेशुद्ध होता. फोनचं मला पाच महिन्यांनी कळलं. मेलेल्यासमोर कुणाविरुद्ध बोलायचं नाही एवढंच मला माहीत होतं. ते बोलणं पुढे आपल्याच विरुद्ध धरतात हे कुणी सांगितलं नव्हतं.

तू वचन पाळशील. तुझ्या दादाची बहीण आहेस.

तुझी,
जेंडेकावहिनी


कांगेमी, नैरोबी
६ एप्रिल २०१८

ति. वहिनींना नमस्कार.

फोन उचलायचं धैर्य झालं नाही. टीव्हीवर तुम्ही पाहिलं नसेलच, तुमच्याकडे वीज नाही, म्हणून मीच लिहिते.

कागद मी दिला होता. शिक्का मारलेली प्रत सोबत आहे.

झबलॉनसाहेब निळा सूट घालून बसले होते. आधी मालमत्ता विचारली. मग त्या देशाशी व्यापार कसा वाढवाल, भाषा येते का, वगैरे. एका सदस्याने थट्टा केली की तिकडे मक्याची उगाली मिळत नाही, वाळून जाल. सगळे हसले. मग कोपऱ्यातल्या एका बाई सदस्य म्हणाल्या की व्हिहिगाहून एका विधवेची हरकत आली आहे, बॉयलरबद्दल. साहेबांनी मान खाली घातली. म्हणाले, त्या माउलीचं दुःख मी समजतो, मी स्वतः तिच्या अंगणात उभा होतो. मग त्यांच्या वकिलाने भिंतीवर चित्रफीत लावली. तुम्ही होतात, वहिनी, काळ्या रुमालात. आमच्या माणसाला मानाने घरी आणलंत, देव तुमचं भलं करो, असं म्हणत होतात.

बाई म्हणाल्या, पुढे चालू द्या, पूर्ण पाहू. समितीचे अध्यक्ष म्हणाले, वेळ नाही, बाहेर पुढचे उमेदवार थांबलेत. शद्रकचं ऐकीव आहे आणि तो हजर नाही, असंही म्हणाले. झालं. नाव मंजूर झालं. दादाचं नाव कुणी घेतलं नाही. मयत कामगार, असं म्हणाले.

चित्रफीत त्यांच्याकडे कशी गेली ठाऊक नाही. हे दफनाचे कॅमेरावाले कुणालाही विकतात.

केफाला काम लागलं. झबलॉनसाहेब त्याला तिकडे दूतावासात घेऊन जाणार आहेत, ड्रायव्हर म्हणून. तो आनंदात आहे. पुन्हा बोलायला लागला आहे माझ्याशी.

मला विसरू नका.
कागेहा


केगोंदी
१२ जून २०१८

चि. कागेहास आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. मधे शद्रक गेला. छाती तेव्हापासून बरी नव्हतीच.

समितीचा अहवाल म्बालेच्या वकिलाने मागवून दाखवला. हरकत घेणाऱ्या बाईंनी स्वतःच उमेदवाराचे जाहीर आभार मानले असल्याने हरकतीत तथ्य नाही, अशी एक ओळ आहे. पुढे लगेच दुसऱ्या उमेदवाराचं सुरू होतं. पुढे सभागृहानेही होकार दिला.

कॅमेरावाल्या फिलेमोनला मी भेटले नाही. गरज नव्हती. त्याने तेव्हा एनॉकच्या दफनाची एकच तबकडी दिली होती, ती लावायचं यंत्र तुझ्याकडे आहे म्हणून तू नेलीस. त्याचा कॅमेरा त्याच आठवड्यात चोरीला गेला, हे तूच मला सांगितलं होतंस. मी तुला काही विचारत नाही, कागेहा. केफा पुन्हा तुझ्याशी बोलायला लागला, याचं मोल मला कळतं. मला मूल असतं तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. पण तबकडी परत आली, तर त्या बाई म्हणाल्या तशी पुढे चालू दे. माझ्या आभारानंतर रांग लागते आणि माणसं बंद पेटीवर नुसता हात ठेवून जातात. ती का बंद आहे, हे एकदा तरी कुणाला तरी विचारावंसं वाटू दे.

शद्रकच्या दफनाला झबलॉन आले नाहीत, ते तिकडे पोचले आहेत. माणसांबरोबर पेटी पाठवली. पितळी कड्या, आत पांढरं रेशीम. मेलेल्यासाठी आलेली वस्तू परत करत नाहीत, म्हणून घेतली. पण दोरिकाला, शद्रकच्या बायकोला, मी आदल्या दिवशी सगळं सांगून ठेवलं होतं. झाकण सबंध दिवस उघडं ठेवलं. सगळं गाव रांगेने आलं. भाजलेली मान, हात, सगळ्यांनी पाहिलं. झबलॉनचा माणूस दोनदा म्हणाला, आई, झाका आता, माश्या बसतायत. दोरिका फांदी घेऊन माश्या वारत बसली.

माईक आला. दोरिकाने भाजी चिरणाऱ्यांचे आभार मानले, खड्डा खणणाऱ्यांचे, गाणाऱ्या पोरींचे, पाणी आणणाऱ्या गाढवाचेसुद्धा. लोक हसले. सूत्रसंचालक खाकरून म्हणाला, कुणीतरी मोठं माणूस राहिलं का? ती म्हणाली, नाही, सगळे झाले. त्याला वाटलं ती दुःखाने विसरली, म्हणून माईक माझ्या हातात दिला. मी एनॉक किदिगा एवढंच म्हटलं. मग परत एकदा म्हटलं, मागे बसलेल्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून. आणि माईक खाली ठेवला.

केफाला सांभाळून गाडी चालवायला सांग. तिकडून मला पत्र लिहायला सांग, रागावणार नाही.

या दफनाची तबकडी मी माझ्याकडे ठेवली आहे. यंत्र नाही, तरी ठेवली आहे.

माया आहे. तुझीही राहू दे.
जेंडेकावहिनी