बसणीच्या खिंडीतल्या फिती

११ नोव्हेंबर, मंगळवार
घोटीहून समाधानच्या जीपने करवंदवाडीला पोचलो. जीपमध्ये तांदळाची पोती, पोत्यांवर मी. समाधान म्हणाला, आप्पा, पोत्याला भाडं नाय, तुमालाबी नाय. गडी गोड आहे.

पंचवटीतला भाजीचा गाळा जावयाच्या हवाली केला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, साखर वाढलीय, चालत जा. चालता चालता पळायलाच लागलो. घड्याळातला नकाशा कसा वाचायचा, चढावर दम कसा राखायचा, सगळं आपलं आपण शिकलो. आता नाशिकच्या पळणाऱ्या मंडळींनी डोंगरशर्यतीची वाट आखायला मलाच धाडलंय. म्हातारा म्हणून कोपऱ्यात बसवलं नाही, हेच मोठं.

मुक्काम कुसाबाईच्या पडवीत. नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी, वर दह्याची वाटी. कुसाबाईने विचारलं, पळता कशापायी, मागं वाघ लागलाय का? घरात ती आणि सून मैना, दोघीच. मुलगा मंगळू मध काढायला डोंगरावर गेला तो परतलाच नाही. तीन पावसाळे झाले म्हणे. जुनी जखम दाखवावी तसं सांगितलं तिने, रडली नाही.

भाताची कापणी चालू आहे. सगळ्या वाडीला नव्या पेंढ्याचा वास. फार बरं वाटलं.

१२ नोव्हेंबर
वाट अशी: पलीकडच्या पायथ्यापासून चढ, वर बसणीची खिंड, खिंडीतून उतरून करवंदवाडी. झाडाझाडाला नारिंगी फीत बांधत गेलो. आमच्या कामाचा एकच नेम, एका वाटेला एकच रंग. पळणाऱ्याचा डोळा दुसरीकडे जाईल असं काही ठेवायचं नाही, नाहीतर दमलेलं माणूस भलत्याच दरीत उतरायचं.

खिंडीत एक जुना हिरडा आहे. त्याच्याभोवती बसक्या दगडांचं कडं, जणू कुणासाठी पाट मांडलेत. झाडाला मात्र चिंध्याच चिंध्या. सदऱ्याच्या, लुगड्याच्या, विटलेल्या, कुजलेल्या. सगळ्या सोडवल्या, वाऱ्याने पसरू नयेत म्हणून तिथेच जाळल्या. हिरड्याला नवी फीत बांधली. झाड कसं न्हाऊन आल्यासारखं दिसलं.

येत्या रविवारनंतरच्या रविवारी, २३ तारखेला, माझी नात सुवर्णा शर्यतीआधी या वाटेवर एकटीच पहिली धाव घेणार. छायाची, माझ्या लेकीची, एकुलती एक पोर. गोदाकाठी माझं बोट धरून पळायला शिकली, आता मलाच म्हणते, आजोबा, जरा पाय उचला.

१४ नोव्हेंबर
जेवताना सहज चिंध्यांचं बोललो. मैनाच्या हातून भाकरी चुलीत पडली.

कुसाबाईने सांगितलं ते असं. डोंगरावरून जो परतत नाही, त्याच्या अंगावरच्या, घरी राहिलेल्या कपड्याची चिंधी त्या हिरड्याला बांधायची. मग त्याला तिथे बसायला आपला दगड मिळतो आणि तो घर शोधत खाली येत नाही. मंगळूची चिंधी तिने स्वतः बांधली होती. आणि खिंडीतून घरापर्यंत खुणा तर कुणी चुकूनही करत नाही. मी म्हटलं, नव्या बांधतो, चूक झाली. ती म्हणाली, अंगावरचंच कापड लागतं आप्पा, मंगळूचं तेवढंच उरलं व्हतं.

एरवी या गोष्टीवर हसलो असतो. पण त्या माउलीचं तोंड बघून ताट बाजूला सारलं.

१५ नोव्हेंबर
मंगळू आला.

भर दुपारी. खिंडीकडून उतरला, एकेका फितीला हात लावत. आठवडाभर पावसाचा थेंब नाही आणि याचे कपडे निथळत होते. मैना धावली, गळ्यात पडली. कुसाबाई उंबऱ्याच्या आतच राहिली. आई असून पुढे झाली नाही.

तो जेवत नाही. पाणी पीत नाही. चुलीजवळ बसून एकच विचारतो, वर माझ्या जागेवर कोण बसणार?

१७ नोव्हेंबर
वाडीत आणखी तीन घरांत डोंगरावर हरवलेले परतलेत. दारं लावलेली, आतून रडण्याचाही आवाज नाही. कुणी मला शिव्यासुद्धा देत नाही. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दिवसभर चढून फिती सोडवल्या. खिंडीपासून वाडीपर्यंत एकही ठेवली नाही. हात सोलवटले.

१८ नोव्हेंबर
फिती पुन्हा बांधलेल्या आहेत. त्याच झाडांना.

गाठी माझ्या नाहीत. मी सुटती गाठ मारतो, ओढली की उकलते. या ओल्या आहेत, दातांनी आवळल्यासारख्या.

१९ नोव्हेंबर
मैनाने चूल पेटवली नाही. डोंगराकडे तोंड करून अंगणात बसून आहे. हाताला हात लावला, विहिरीतल्या दगडासारखा गार. कुसाबाई सांगते, आलेला ज्या घरात शिरतो ते घर एकेक करून वर जातं. रिकामे दगड भरेपर्यंत.

वाडीच्या पाण्याच्या टाकीजवळच्या उंचवट्यावर फोन लागतो. सुवर्णाला म्हटलं, येऊ नकोस. हसली, म्हणाली, पहिला नंबर स्वतःला हवाय का आजोबा? छायाची शपथ घातली तेव्हा कबूल झाली. नाही येणार म्हणाली.

देवा, एवढी पोर वाचली तरी पुरे.

२० नोव्हेंबर
मैना गेली. मागोमाग चढलो. खिंडीत एका दगडावर बसली होती. डोळे उघडे. हाका मारल्या, खांदे हलवले. अंगाला दगडाचंच वजन. उचलली नाही. तिच्या बाजूचे दगड रिकामे. त्यांच्याकडे बघवत नाही.

परत आलो तर मंगळू चुलीजवळच. आता आईकडे बघत होता.

२१ नोव्हेंबर
उंचवट्यावर गेलो. सुवर्णाचा निरोप आलेला. लिहिते — आजोबा, काल तुमचा दुसरा फोन आला आणि जीव भांड्यात पडला. सगळं ठीक आहे ना, मग रविवारी येतेच.

मी दुसरा फोन केला नाही.

लगेच लावला. वाजला. उचलला. पलीकडून सुवर्णा नाही, मीच बोलत होतो. माझाच आवाज. शांतपणे विचारत होता, जागेवर कोण बसणार —

छायाला लावला. तिथेही तोच आवाज.

२२ नोव्हेंबर
समाधान वाडीच्या तोंडाशी जीप थांबवून ओरडला, आप्पा, निघा. रस्त्याच्या कडेला झाडांना फिती आहेत म्हणाला, नारिंगी, पार घोटीपर्यंत, तुमीच बांधल्या का? मी म्हटलं, बाबा, तू आधी पंचवटीत जा, सुवर्णाला अडव. पत्ता दिला. हो म्हणाला. पण डोळे माझ्याकडे नव्हते. खिंडीकडे होते. जीप तिथेच उभी आहे, दार उघडं. तो वाटेला लागला —

कुसाबाईही गेली. जाताना म्हणाली, तुमची भाकरी झाकून ठेवलीया.

पळून जाता येईल. रस्ता मोकळा आहे. पण जीप मला चालवता येत नाही, आणि सुवर्णा पलीकडच्या पायथ्यावरून चढणार, वाडीत येणारच नाही, थेट खिंडीत. तिच्या आधी मला पोचलं पाहिजे.

२३ नोव्हेंबर, रविवार
उजाडायच्या आत निघालो. आयुष्यात असा पळालो नव्हतो. छाती फुटेल वाटलं. तरी —

ती आधीच बसली आहे.

पायात पळायचे बूट. कपाळावरचा घाम अजून ओला. गाल गार. सुवर्णा म्हटलं, सोनूबाई म्हटलं, लहानपणीचं सगळं म्हणून झालं. ओळख नाही.

मग सदऱ्याची बाही फाडली. अंगावरचं कापड. हिरड्याला बांधली. म्हटलं, हिच्या दगडावर मी बसतो, हिला सोडा. म्हाताऱ्याचं काय, पिकलं पान.

तिच्याच दगडावर, तिला खेटून बसलो. तिला उठवलं, आणि —

उठली. उठली माझी बाय.

आधी डोळ्यांत पाणी आलं. मग पाहिलं, तिचे कपडे निथळायला लागलेत. आभाळ कोरडं आहे. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या पिशवीतून फितीचं रीळ काढलं आणि उतरू लागली. प्रत्येक झाडाला एक. गाठ दातांनी आवळते.

पाय उचलत नाहीत. मांड्या दगडाला चिकटल्यासारख्या. लिहायला फक्त उजवा हात —

वाडी ओलांडली असेल. घोटी. मग नाशिक. छाया वाट बघत असेल, खिडकीत उभी. पोर भिजून आली म्हणून टॉवेल घेऊन धावेल. पोटाशी धरेल —

छाया, ती आपली नाही. छाया, दार —