बांधाची राखण परत मिळण्याबाबत आणि भागोजीकाका माझ्या ओटीवरून उठण्याबाबत

प्रति,
मा. गटविकास अधिकारी,
पंचायत समिती, अलिबाग,
जि. रायगड.

अर्जदार: निकेत धर्मा घरत, रा. माडखार, ता. अलिबाग. व्यवसाय: मिक्सर, पंखे व पाण्याचे पंप दुरुस्ती.

विषय: बांधावरची माझी राखण काढून घेऊन माझ्यावरच राखण बसवणारा ग्रामसभेचा ठराव रद्द होणेबाबत.

संदर्भ: १) ग्रामसभा, माडखार, ऐनवेळच्या विषयांत झालेला ठराव. २) याच विषयावरील माझा मागील अर्ज (लिहिला होता, टाकायचा राहिला).

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की,

१. आमचे गाव खाडीला लागून आहे. खारे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून मातीचा बांध आहे आणि शेतातले पाणी बाहेर सोडायला त्यात एक दार आहे, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. उधाणाच्या भरतीला बांधावर फिरून खेकड्यांची बिळे बुजवावी लागतात, नाहीतर बिळाची खांड, म्हणजे भगदाड, होते आणि शेत खारे होऊन बसते. ही राखण घरोघर पाळीने असते. ज्या घराला राखण नाही त्या घराने गावकीत तोंड उघडायचे नाही, असा रिवाज आहे. आमच्या घराची राखण आजोबांपासून चालत आलेली. ती मला परत हवी आहे. अर्जाचा मतलब एवढाच. आपणास घाई असल्यास इथे थांबलात तरी चालेल.

२. गेल्या हिवाळ्यात अलिबागच्या डॉक्टरांनी मला ए.डी.एच.डी. असल्याचे सांगितले. ऐकून मला रडू आले, पण ते सुटल्याचे होते. जन्मभर मी वेंधळा, आळशी आणि "हुशार हाय, पण" एवढाच होतो. बाजारातून स्कूटरवर घरी आलो, जेवायला बसलो, आणि मग आठवले की पत्नी सौ. क्रांती अलिबागच्या एस.टी. स्टँडवर पिशव्या घेऊन उभी आहे. हे खरे आहे, आणि ती अजून विसरलेली नाही. तर या सगळ्याला नाव आहे, गोळी आहे, आणि माझ्यासारखी आणखी माणसे आहेत, हे कळल्यावर मी आनंदाच्या भरात रेवदंड्याच्या रिक्षा स्टँडवर सगळ्यांना सांगून टाकले. गावात बोलू नका, असे क्रांतीने बजावले होते. मी ऐकलेही होते.

३. संध्याकाळपर्यंत गावभर झाले. कोणी बदाम आणले, कोणी ब्राह्मीचे तेल. प्राप्तीवहिनींनी बांगड्याची डोकी पाठवली, डोक्याला डोके म्हणून. ती मी खाल्ली, चवीबद्दल तक्रार नाही. नामाआजोबांच्या मते हे सगळे मोबाईलने होते. सांगताना त्यांची नजर मोबाईलमध्ये होती. पुढे ग्रामसभेत ऐनवेळी विषय निघाला की याला ध्यानच नाही, हा बांध कसा राखणार? लगेच दुसरे म्हणाले, "मिक्सर उघडला की हा जेवायला उठत न्हाय. ध्यान हाय की! नाटकं करतो." म्हणजे एकाच सभेत ध्यान नाही म्हणून माझी राखण गेली आणि ध्यान भरपूर आहे म्हणून मी ढोंगी ठरलो. यातले एक काहीतरी नक्की करून द्यावे, ही विनंती.

डॉक्टरांनी मला समजावले ते असे, की ध्यान असते, पण ते माझ्या हुकमात नसते. गंजलेल्या उघाडीसारखे. उघडी राहिली की उघडी, मिटली की मिटली. हाताने ओढून भागत नाही. मी हे सभेत सांगायला उभा राहिलो. गोदूकाकी म्हणाल्या, "बस रं. तुला राखण न्हाय आता." साहेब, त्यांनी मला लहानपणी कडेवर घेतलेले आहे. मला फार लागले.

५. (मुद्दा क्र. ४ महत्त्वाचा होता. आठवल्यास पुरवणी अर्ज करीन.) माझी राखण श्री. भागोजीकाकांना देण्यात आली. ते कारखान्यातून निवृत्त झालेले, सज्जन गृहस्थ आहेत. त्याच ठरावाने माझ्यावर ध्यान ठेवण्याचे कामही त्यांनाच दिले. तेव्हापासून ते माझ्या ओटीवर खुर्ची टाकून बसतात. माझी मान वर झाली रे झाली की म्हणतात, "निकेत, ध्यान!" आणि माझ्या हातातला स्क्रू गेलाच. तो शोधायला आम्ही दोघे ओटीवर रांगतो. मग चहा होतो. मग मिक्सर कोणाचा होता हे दोघांनाही आठवत नाही.

६. आषाढी पौर्णिमेला दुपारी मोठे उधाण होते. लावणी नुकतीच झाली होती. काका ओटीवर, मी मिक्सरपाशी. माझी नजर, नेहमीप्रमाणे, भलतीकडे गेली. दारापुढच्या चरात एक निवटी उडी मारत होती. निवटी खाडीच्या चिखलातली मासळी. ती गोड्या पाण्याच्या चरात येतेच कशी? मी म्हटले, काका, चरात निवटी आहे. ते म्हणाले, "निवटी-बिवटी सोड. मिक्सरकडं ध्यान दे. डॉक्टरनं ह्येच सांगितलंय." मी विचारले, आज बांधावर राखण कोणाची? ते म्हणाले, "तुझी न्हाय ना? मग तुला काय करायचंय?" महोदय, राखण त्यांचीच होती. पण ते माझ्यावर ध्यान ठेवून होते. एक माणूस एकाच वेळी ओटीवर आणि बांधावर कसा बसेल, हे अख्ख्या ग्रामसभेत कोणालाच सुचले नव्हते.

मी उठून पळालो. मागून काका ओरडले, "पळाला रं, पळाला!" आणि सगळे गाव मला धरायला धावले. जेवती माणसे हात न धुता निघाली. कमळआजी काठी टाकून धावल्याचे मला मागाहून कळले. बांधावर बिळाची खांड होऊन पाणी आत घुसत होते. माझ्यापाशी फावडे नव्हते, म्हणून मी पाठ लावून खांडीतच बसलो. मंडळी मला धरायला आली ती माती-पेंढा घेऊन कामाला लागली, आणि खांड बुजली. गोदूकाकींच्या शेताचा एक कोपरा खारा झाला. बाकी शेते वाचली.

७. पुढील ग्रामसभेत भागोजीकाकांनी माझ्यावर डोळ्यात तेल घालून ध्यान ठेवल्यामुळेच गाव वेळेवर बांधावर पोहोचले, असे ठरून त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. टाळ्या मीही वाजवल्या. सगळे वाजवत होते. त्याच सभेत मी पळतो, हे सिद्ध झाले म्हणून श्री. विनेश यांना माझ्या फाटकावर बसवण्यात आले. आता दोन चहा जास्त लागतात. माझ्या घराला राखण मात्र नाहीच.

८. मला काही त्रास नाही, असे माझे म्हणणे नाही. मी विसरतो, उशिरा पोहोचतो, एक काम सोडून दुसरे धरतो. पण राखणीच्या दिवशी मोबाईल गजर देतो, क्रांती हाक मारते, आणि बांधावर मला कधी कंटाळा आलेला नाही. तिथे पावलापावलाला काहीतरी वेगळे दिसते. गावात एवढी एकच जागा आहे जिथे मला कोणी ध्यान दे म्हणत नाही.

तरी सदर ठराव रद्द करून माझी राखण मला परत देण्याचे आदेश व्हावेत. येत्या अमावास्येला पुन्हा उधाण आहे. आदेश त्याआधी झाल्यास मी फावडे घेऊन रीतसर बांधावर जाईन. न झाल्यास तरीही जाईन. पण मग गाव पुन्हा माझ्या मागे धावेल, आणि कमळआजींच्या गुडघ्याचे ऑपरेशन परवाच झाले आहे.

आपला नम्र,
व तूर्त दोन इसमांच्या नजरेखालचा,
निकेत धर्मा घरत

दिनांक: आजचाच (काकांना विचारून घालतो)

सोबत: १) ग्रामसभेच्या दोन्ही ठरावांच्या प्रती. २) डॉक्टरांचे प्रमाणपत्र (घरातच आहे, नीट जपून ठेवलेले आहे, सापडताच सादर करतो).