स्टुडिओचा माईक

अड्याळ, मंगळवार संध्याकाळ

बाबांची भीमगीतं घरीच रेकॉर्ड करायची म्हणून हौसेनं स्टुडिओचा माईक आणला. कायले आणला? विहारातला स्टेजचा माईक फक्त तोंडाजवळचा आवाज घेते, बाकी सोडून देते. हा सगळंच घेते.

दारं लावली, पंखा बंद केला, दोघंही घामानं भिजलो. मग ऐकलं, तर प्रत्येक ओळीमागं बाबांच्या छातीतली घरघर. स्टेजवर ती कधीच कळली नव्हती. की मीच ऐकत नव्हतो?

"हे काय वाजून राहिलं?" बाबांनी विचारलं.

"पंखा," मी म्हणालो.

त्यांनी वर, बंद पंख्याकडे पाहिलं. म्हणाले, "मंग उद्या तो बंद ठेवजो."