माशांचं पाणी आंबट झालं

मानवत,
६ जानेवारी २०२५

ती. स्व. दादास,
धाकट्या मनकर्णेचा सा. न. वि. वि.

फोन केला तर तू उचलत नाहीस, उचललास तर मधेच ठेवतोस. म्हणून पत्र.

काल अर्पिताचा साखरपुडा झाला. सगळे आले, सख्खा मामा तेवढा आला नाही. व्याह्यांनी विचारलं, मुलीचे मामा कुठं आहेत. मी काय सांगू? सेलूला त्यांच्या माशांचं पाणी आंबट झालंय, असं? मी म्हटलं ताप आलाय. तेवढ्यात आमच्या ह्यांनी खरं सांगून टाकलं आणि सगळी बैठक हसली.

वहिनी गेल्यावर तुला विरंगुळा हवा होता, कबूल. लोक भजनाला जातात, पेपर वाचतात. तू आफ्रिकेचे मासे आणलेस, तेही दिवसभर एकमेकांना चावणारे. त्यांना म्हणे विकतचं जारचं पाणी! आम्ही जन्मभर बोअरचं पितो, आमची कुणाला फिकीर नाही. रोज पाण्यात कागदाची पट्टी बुडवून रंग बघत बसायलास म्हणे. लय मोठं काम!

फेब्रुवारीत लग्न आहे. मुलीला बोहल्यावर मामानं आणायचं असतं, माशांनी नव्हे. येणार की नाही ते एका ओळीत कळव.

माशांना देऊन उरला तर आमच्यावरही लोभ ठेव.

तुझी मनकर्णा

सेलू,
११ जानेवारी २०२५

चि. सौ. मनकर्णेस अनेक आशीर्वाद.

वि. वि. पत्र मिळालं. तुझं शुद्धलेखन चौथीत होतं तिथंच आहे. टोमणे मात्र निर्दोष.

पाणी आंबट होणं म्हणजे काय ते तुला कळणार नाही, तरी सांगतो. माझे सिक्लिड खडकाळ सरोवरातले. त्यांना जड पाणी लागतं, पीएच आठच्या आसपास. बोअरच्या पाण्यानं काचेवर पांढरे डाग पडायचे, म्हणून दुकानदाराच्या सांगण्यावरून मी शुद्ध जारचं पाणी भरलं. तेव्हापासून पीएच रोज खाली घसरतोय. खायचा सोडा टाकला की उसळतो, लगेच पुन्हा खाली. या चढउतारात काही मासे मेले. उरलेले वर येऊन धापा टाकतात. अशा वेळी मी पेढे खायला यायचं? तुमच्या हसणाऱ्या बैठकीतल्या एकानं तरी आयुष्यात कशाची नीट काळजी घेतली असेल, तर त्याचं नाव कळव.

लग्नालाही जमेलसं वाटत नाही. मामा म्हणून दत्तरावाला उभा कर. चुलत असला तरी भाऊच आहे, आणि फोटोत येण्याची त्याला हौस आहे.

तू रागावलीस तरी आशीर्वाद परत घेत नाही.

माणिकदादा

मानवत,
१७ जानेवारी २०२५

ती. स्व. माणिकमामांस,
अर्पिताचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आईनं वाचलं, फेकलं, परत उचललं आणि मला दिलं.

मामा, तुम्ही जन्मभर शाळेत इतिहास शिकवलात, ते तुमच्या पाण्यावरून दिसतं. भाची रसायनशास्त्रात एमएस्सी झाली म्हणून गावभर पेढे वाटलेत, आणि पाण्याचं विचारलंत कुणाला, तर दुकानदाराला! जारच्या पाण्यातले क्षार काढून टाकलेले असतात. माशांच्या घाणीतून रोज आम्ल तयार होतं, आणि ते मारायला त्या पाण्यात काही उरलेलंच नसतं. ज्या पांढऱ्या डागांचा तुम्हाला एवढा तिटकारा, तेच क्षार पाणी सांभाळत होते.

सोडा ओतणं बंद करा. दर आठवड्याला पाव टाकी पाणी काढून तेवढंच बोअरचं घाला, एकदम सगळं नको. फिल्टरमध्ये शहाबादी फरशीचे तुकडे टाका. लिंबू पिळल्यावर फेस आला, की ती चुन्याची समजा. ती हळूहळू विरघळेल आणि पीएच जागेवर राहील. लग्नापर्यंत सगळं ठीक होईल. मोठे मासे चार दिवस उपाशी राहिले तरी मरत नाहीत. म्हणजे तुमचं निमित्त संपलं.

आता खरं बोलते. मामी गेल्यापासून तुम्ही एकाही कार्याला गेला नाहीत. जिथं दोघांनी मिरवायचं तिथं एकट्यानं उभं राहणं तुमच्या जिवावर येतं. आईलाही ते कळतं, तिला फक्त चिडूनच बोलता येतं. मला मामा हवाय, जोडी नको. दत्तरावमामा न्यायला आले तर मी खोलीबाहेर येणार नाही, सांगून ठेवते.

माया कमी करू नका, हट्ट कमी करा.

तुमची, सध्या नाराज,
अर्पिता

सेलू,
२४ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. मनकर्णेस अनेक आशीर्वाद.

वि. वि. सुखरूप पोचलो. लग्न बरं झालं. वरण पातळ होतं, बॅन्ड त्याहून वाईट. व्याही सभ्य आहेत, पण बोलताना थांबत नाहीत.

बोहल्याकडे निघालो तेव्हा अर्पिता हळूच म्हणाली, मामा, सावकाश चला. मला वाटलं पोर घाबरली. चार पावलं गेल्यावर कळलं, तीच मला धरून नेत होती. हे कुणाला सांगू नकोस.

घरी आलो तो थेट टाकीपाशी गेलो. पाणी जसंच्या तसं होतं. सगळे मासे काचेशी धावत आले. वाटलं, ओळखलं! दाणे पडले आणि सगळ्यांनी पाठ फिरवली. इतके दिवस मी नव्हतो, एकालाही फरक पडला नव्हता. आणि तुझ्याकडे मी एक दिवस आधी निघतो म्हणालो, तर तू माझी पिशवी धान्याच्या कोठीत लपवलीस.

अर्पिता गेल्यानं तुमचं घर मोकळं झालं असेल. तुझे भागवतराव एरवी काही बोलणाऱ्यांतले नाहीत. रविवारी येतो. किती दिवस राहायचं ते तूच ठरव. इथं कुणी वाट बघणारं नाही.

माणिकदादा